काळ्या मातीची शरदातली बाग

ऑक्टोबर लागला की युरोप-अमेरिकेतल्या रोपवाटिकांत काळ्या रंगाला भाव येतो. गडद जांभळ्या पानांचं कोलियस, काळी पानं आणि काळीच फळं धरणारी ‘ब्लॅक पर्ल’ मिरची, जवळजवळ काळ्या पाकळ्यांचं ‘ब्लॅक व्हेल्वेट’ पिटुनिया अशी रोपं जुनाट दिसणाऱ्या लोखंडी नाहीतर दगडी कुंड्यांत एकत्र लावतात आणि त्या कुंड्या दाराशी मांडतात. या बागांना गॉथिक म्हणण्याची पद्धत आहे. त्यांतलं एक मानाचं रोप म्हणजे ‘ब्लॅक मॅजिक’ नावाने विकला जाणारा अळू. आपल्याकडच्या अळूचाच हा एक वाण. खेड, मावळ, हवेली तालुक्यांतल्या जुन्या घरांच्या परसात, न्हाणीचं पाणी जिथे उतरतं तिथे, त्याचा भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या वाढतो आहे. भाजीसाठी हिरव्या देठाचा आणि वडीसाठी काळ्या देठाचा, हे घरातल्या लहान मुलीलाही ठाऊक असे.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा आज कारखान्यांचा म्हणून ओळखला जातो. पण शरदात भांड्यामध्ये बाग लावायची आणि तीही काळोखाशी, काळ्या रंगाशी नातं ठेवून, ही रीत इथे कारखान्यांच्या कितीतरी आधीची आहे. तिला कुणी बाग म्हटलं नाही, म्हणून ती बागकामाच्या पुस्तकांत आली नाही. तिचा इतिहास लिहायचा तर सुरुवात रोपांपासून करून चालणार नाही, मातीपासून करावी लागेल.

मराठी गावाची जुनी वाटणी दोन रंगांची. वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. मराठेशाहीतल्या महसुली कागदांतही हे शब्द येतात. इंद्रायणी, पवना आणि भीमेच्या काठाला काळीची खोली जास्त. काठापासून वर चढत गेलं की मुरूम आणि खडकाळ माळ. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन ही काळी माती तयार झाली. पाणी मिळालं की ती फुगते, उन्हात तडकते आणि ओल मात्र आत दडवून ठेवते. पावसाळ्यात धरून ठेवलेल्या याच ओलीवर शाळूचं पीक हिवाळ्यात उभं राहतं. म्हणून शरद हा इथे पानगळीचा ऋतू नाहीच. पावसाळा उलगडलेला असतो, रब्बीची पेरणी तोंडावर आलेली असते, ऑक्टोबरचं ऊन भाजून काढत असतं आणि रात्री हळूहळू गार होऊ लागलेल्या असतात.

या ऋतूची सुरुवात मात्र आपल्याकडेही काळोखातूनच होते. भाद्रपदाचा वद्य पक्ष पितरांचा. काळे तीळ, दर्भ, माका, छपरावर ठेवलेला घास आणि कावळ्याची वाट पाहणं. सर्वपित्री अमावस्या सरली की दुसऱ्याच दिवशी, आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घट बसतात. मृतांचा पंधरवडा आणि बी रुजवण्याचा दिवस यांच्यामध्ये एका रात्रीचंही अंतर ठेवलेलं नाही. शेतकऱ्याच्या पंचांगात या दोन्ही गोष्टी एकमेकींना लागून आहेत, आणि ते अगदी खरं आहे.

घट जवळून पाहावा. पत्रावळीवर किंवा परडीत वावरातली काळी माती पसरतात. तिच्यात गहू, जोंधळा, मूग, उडीद असं सात प्रकारचं धान्य मिसळतात. काही घरांत नुसता गहूच असतो. मधोमध भाजलेलं, पण झिलई न दिलेलं साधं मातीचं मडकं पाण्याने भरून ठेवतात. वर विड्याची पानं, नारळ. रोज एक माळ; खेड-मावळाकडे या दिवसांत कारळ्याची पिवळी फुलं मिळतात, तीच ओवतात. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरतं आणि भोवतीची माती ओली राहते. वरून पाणी घालायचं ते अगदी हाताने शिंपडण्यापुरतं. या पाझरावर शेती करता येते हे जगात इतरत्रही कळलेलं होतं. चीनमधल्या फान शेंगझी याच्या इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या शेतीग्रंथात पाण्याने भरलेलं मडकं जमिनीत पुरून त्याच्या भोवती वेल लावण्याची कृती आहे. दुष्काळी भागातले शेतकरी आजही फळझाडाच्या आळ्यात मडकं पुरतात. घटामागे तोच हिशेब आहे, फक्त तो देवघरात मांडलेला आहे.

आणि देवघर अंधारं असतं. घटाचा सगळा रंग त्या अंधारातून येतो. उजेड नसला की पानात हरितद्रव्य तयार होत नाही, आणि कोंब उजेडाच्या शोधात भराभर उंच वाढतात. तिसऱ्या-चौथ्या माळेला मातीत तडे जाऊन पांढुरके मोड दिसू लागतात, सातव्या-आठव्या माळेपर्यंत सोनेरी पिवळं धान वीतभर वर येतं. काळी माती, समईचा उजेड आणि त्यात उभं राहिलेलं फिकट पिवळं रान. दसऱ्याला हे तुरे देवाला वाहून घरातले पुरुष टोपीत, फेट्यात खोवतात. त्यात शेतकऱ्याचं कामही होऊन जातं: धान दाट आलं तर बियाणं चांगलं, विरळ आलं तर पेरणीआधी दुसरं पाहावं.

या रीतीचे सगेसोयरे फार लांबवर आहेत. १९२२ साली हॉवर्ड कार्टरने तुतानखामेनची कबर उघडली, तेव्हा आतल्या वस्तूंमध्ये एक लाकडी साचा मिळाला. आकार ओसिरिस या मृतांच्या देवाचा, आत नाईलचा गाळ आणि गाळात पेरलेलं धान्य. ते धान्य तेहेतीसशे वर्षांपूर्वी उगवलेलं होतं. अथेन्समधल्या बायका अकाली मेलेल्या ॲडोनिसच्या शोकासाठी फुटक्या मडक्यांत गहू, सातू, बडीशेप पेरून ती मडकी धाब्यावर ठेवत. कोंब येत, उन्हात सुकत, मग ती पाण्यात सोडून देत. मानवशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझरने १९०६ च्या आपल्या ग्रंथात या ‘ॲडोनिसच्या बागां’शेजारी भारतातले व्रतातले अंकुर मांडले. फ्रेझरचे सगळे निष्कर्ष आज कुणी मानत नाही. पण मरण आणि अंकुर यांची गाठ भांड्यातल्या मातीत घालणारे लोक जगात अनेक ठिकाणी होते, एवढं त्याच्या नोंदींवरून नक्की दिसतं. गॉथिक बागेच्या चाहत्याला जी उदासी आणि जो काळोख हवा असतो, तो या कुंड्यांमध्ये मुळातच होता.

मग काळी गेली.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान ॲण्टिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या माळांवर प्लॉट पडू लागले. टेल्को आली, बजाज ऑटो आली. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका, असा एका पिढीच्या आत चार-पाच गावांचा चेहरा पार बदलला. १९९७ मध्ये मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली अशी नदीकाठची चांगल्या जमिनीची गावंही शहराच्या हद्दीत आली. पुढे चाकण. बजाजचा कारखाना १९९९ मध्ये, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये. कांद्या-बटाट्याच्या बाजाराबद्दल ओळखलं जाणारं चाकण आता मोटारींच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी कंपनीच्या उजाड आवारात तलाव केला आणि हजारो झाडं लावली, ही या काळातली मोठी गोष्ट आहे. कारखान्याच्या आत हिरवाई असू शकते हे त्यांनी दाखवून दिलं. मात्र ज्याचं वावर प्लॉटात गेलं त्याला ती झाडं घट मांडायला उपयोगी नव्हती. त्याला ओंजळभर काळी माती हवी होती.

ती त्याला आता विकत मिळते. नवरात्राच्या दोन-तीन दिवस आधी चिंचवड, पिंपरी, भोसरीच्या बाजारात फुटपाथवर घटाचं सामान लागतं. मडकी, पत्रावळी, परड्या, सात धान्यांच्या पुड्या आणि शेजारी प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून काळी माती. विकणाऱ्या बाया बहुतेक आसपासच्या खेड्यांतल्या. ज्या मातीचा भाव एकेकाळी एकराने ठरे, तिचा आज पिशवीने ठरतो. हे पाहून हळहळ वाटते, आणि वाटायलाच हवी. तरी यात एक जिद्दही आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून इथे कामाला आलेल्या माणसांनी दहा बाय दहाच्या खोलीत घट बसवले, पहिल्या पाळीला जाण्याआधी माळ घातली आणि जमीन नसताना शेतीचा हा दिवस सोडला नाही.

तुळशीचंही असंच झालं. वाड्याच्या अंगणातलं वृंदावन म्हणजे दगडी किंवा विटांची, चुन्याची बांधलेली उंच कुंडीच. खाली दिव्यासाठी कोनाडा, वर मातीचा चौकोन, कार्तिकात सगळ्याला गेरूचा हात. कामगार वस्त्यांच्या चाळींत अंगण नव्हतं, तिथे तुळस डालड्याच्या रिकाम्या डब्यात आली, रॉकेलच्या कापलेल्या डब्यात आली. डब्याला खिळ्याने भोकं पाडायची, तळाशी खापरं टाकायची, आणि कठड्याला तारेने बांधून टाकायचा. आज फ्लॅटच्या गॅलरीत सिमेंटचं किंवा फायबरचं वृंदावन असतं. भांडं बदलत गेलं, रोप तेच राहिलं.

त्यातही कृष्ण तुळस. हिरव्या पानांची ती राम तुळस आणि जांभळट-काळ्या पानांची, काळपट देठांची ती कृष्ण तुळस. तिचा रंग अँथोसायनिन या द्रव्याचा. कडक ऊन आणि गार रात्री मिळाल्या की पानात हे द्रव्य वाढतं, म्हणून आश्विन-कार्तिकात इथली कृष्ण तुळस सगळ्यात गडद दिसते. नेमकं तेव्हाच, कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत, तिचं लग्न लागतं. ऊस, चिंचा, आवळे, बोरं आणि मध्ये काळपट मंजिऱ्यांची नवरी. पाश्चात्त्य बागकामाच्या पुस्तकांत गडद पानांच्या रोपांच्या याद्या असतात. अशा यादीत पहिल्या क्रमांकावर बसावं असं हे रोप आहे. या पट्ट्याचं तिच्याशी आणखी एक नातं आहे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते. १६८५ साली तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी सुरू केलेल्या या सोहळ्यात बाया डोक्यावर तुळशी वृंदावन घेऊन पंढरपूरपर्यंत चालतात. ती आषाढी वारी. शरदातली वारी आळंदीची: कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांच्या समाधीचा सोहळा, आणि इंद्रायणीच्या काठाने पुन्हा तीच वृंदावनं. एवढं अंतर चालून जाणारी कुंडी दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

ज्याला इंग्रज गॉथिक म्हणत, तेही पुण्याला आलंच होतं. होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ या कादंबरीने १७६४ मध्ये पडक्या किल्ल्यांची, भुयारांची गोडी लावली, तिचे पडसाद पुढे इमारतींत आणि बागांत उमटत राहिले. १८६० च्या दशकात येरवड्याला डेक्कन कॉलेजची टोकदार कमानींची इमारत आपल्याच काळ्या दगडात उभी राहिली. गणेशखिंडीच्या सरकारी उद्यानात जी. मार्शल वुड्रो काम करत होते. त्यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि ते बराच काळ वापरात राहिलं. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्डला १८२९ मध्ये बंद काचेच्या भांड्यात नेचं आपोआप वाढलेलं दिसलं होतं. त्यातून निघालेल्या काचपेट्यांमुळे रोपं समुद्रापार जिवंत जाऊ लागली. या सगळ्या उलाढालीत जावा बेटाकडचं कोलियस, आग्नेय आशियातले क्रोटन अशी रंगीत पानांची रोपं बंगल्यांच्या व्हरांड्यात कुंड्यांमधून आली. लष्करातून बंगल्यात, बंगल्यातून कंपन्यांच्या वसाहतींत, तिथून निगडी प्राधिकरणाच्या अंगणांत, असा त्यांचा प्रवास झाला. आज महापालिकेच्या रस्त्यांच्या दुभाजकांतही जांभळ्या पानांची झाडं दिसतात. ती पाहुणी आहेत आणि चांगली रुळली आहेत. फक्त कृष्ण तुळस आणि काळा अळू घरचे असताना त्यांना मागे ढकलू नये.

कुंड्यांची गोष्टही या पट्ट्यात थोडी वेगळी. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणि पुढे मुंढवा-केशवनगरच्या कुंभारांकडून मडकी येत राहिली, पण गच्चीवरच्या बागेला खरं बळ दिलं ते कारखान्यांच्या भंगाराने. निळे प्लॅस्टिकचे ड्रम, रंगाच्या बादल्या, लाकडी पॅलेट. भोसरी-चिखलीकडच्या भंगारवाल्यांकडे हे सगळं मिळतं. ड्रम आडवा कापला की दोन मोठ्या कुंड्या होतात. इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. ड्रममध्ये आधी काय होतं हे विचारल्याशिवाय तो घेऊ नये. रसायनाचा, तेलाचा ड्रम कितीही धुतला तरी त्यात अळू, मिरची, तुळस असं पोटात जाणारं काही लावू नये. खाद्यपदार्थांचा ड्रम तेवढा चालतो. आणि काळी माती एकटी भरू नये. शेतात ती राणी असली तरी कुंडीत ती घट्ट बसते, पाणी तुंबतं, मुळं कुजतात. तिच्यात शेणखत आणि वाळू किंवा नारळाचा भुसा सढळ हाताने मिसळला की ती वागायला सोपी होते.

अशा कुंडीत शरदासाठी काय शोभेल ते या मातीनेच ठरवून ठेवलं आहे. मागे काळ्या देठाचा अळू, त्याला ओल हवी. उन्हाच्या बाजूला कृष्ण तुळस. मध्ये कोंबडा, म्हणजे गडद किरमिजी मखमली तुऱ्याचं ते फूल. पावसाळ्यात बी टाकलं की दसऱ्याच्या सुमारास तुरा भरतो. काठाला मखमल, झेंडूतलीच ती बुटकी, काळसर तांबड्या पाकळ्यांची जात. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथेही शरदातच, मृतांच्या दिवशी, तो थडग्यांवर वाहतात. काळा धोतरा फार देखणा, जांभळ्या दुहेरी फुलांचा आणि शंकराला प्रिय. पण तो सर्वांगाने विषारी आहे, म्हणून लहान मुलांच्या घरात नको. इंग्लंडमधल्या ॲल्निक इथे २००५ मध्ये खास विषारी वनस्पतींची बाग उघडली, ती कुलूपबंद फाटकाआड आहे. आपल्या गॅलरीला असं फाटक नसतं.

राहिला किल्ला. दिवाळीच्या सुटीत पुण्या-पिंपरीकडची मुलं दगड, विटा, पोती आणि माती घेऊन किल्ला करतात. पोत्यावर मातीचा लेप, त्यात गुहा, भुयार, तटाला बुरूज, आणि उतारांवर अळीव नाहीतर मोहरी. रोज पाणी मारलं की चार दिवसांत अळीव दाट उगवतं आणि डोंगरावर रान तयार होतं. पडक्या किल्ल्यांवर वेली चढलेल्या पाहण्यासाठी युरोपातल्या हौशी लोकांनी बागांमध्ये खोटे अवशेष बांधले. इथे दहा वर्षांची पोरं ते काम पार्किंगच्या कोपऱ्यात, चिखलाच्या हातांनी करतात. आता प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्लेही विकत मिळतात. त्यांच्यावर काही उगवत नाही.

मुलं बहुधा रायगड, राजगड, सिंहगड, प्रतापगड करतात. त्यांच्या स्वतःच्या पट्ट्यातला किल्ला मात्र चाकणला भर वस्तीत उभा आहे, संग्रामदुर्ग. १६६० साली शायिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट मूठभर माणसांनिशी जवळजवळ दोन महिने, ऐन पावसाळ्यात, लढवला. शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवला तेव्हा तो मोगलांच्या हाती गेला. आज तटाचे आणि बुरुजांचे अवशेष, खंदकाच्या खुणा उरल्या आहेत. डोंगर नाही म्हणून करायला तो सोपा आहे: मोठी परात किंवा कापलेला अर्धा ड्रम, आत काळी माती, भोवती पाण्याचा खंदक, चार बुरूज, एक मुद्दाम पाडलेला, आणि पडक्या बुरुजावर अळीव. चाकण, मोशी, चिखली, निगडीच्या शाळांनी आणि सोसायट्यांनी येत्या दिवाळीत एक तरी संग्रामदुर्ग मुलांकडून करून घ्यावा, आणि किल्ला करण्याआधी मुलांना खरा दाखवून आणावा.